सलोमीचा विश्वास

लाकडी मंचावर आमच्या शेजारच्या सलोमीच्या कुबड्या ठक ठक वाजल्या, तो आवाज मला आजही आठवतो. जालन्याजवळच्या आमच्या गावात ब्रदर जेरोम यांची रोगमुक्तीची सभा होती. सिनेमातल्या नटासारखे त्यांचे फोटो गावभर लागले होते.

ब्रदरनी सलोमीच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि तिच्या कुबड्या काढून घेतल्या. ती धाडकन पडली. ब्रदर माईकवर ओरडले, "हिचा विश्वासच कमी आहे!"

मंचासमोर बसलेली तिची आई मान खाली घालून रडू लागली. माझा संताप झाला. पडलेल्या पोरीला हात द्यायचा सोडून हा माणूस तिलाच दोष देत होता.

सलोमी पडल्या जागीच उठून बसली आणि म्हणाली, "ब्रदर, प्रभू येशूनं लाजराला कबरीतून उठवलं, तेव्हा तो मेलेला होता ना?"

"होय! चार दिवस मेलेला! हालेलुया!"

"मग मेलेल्या माणसाचा विश्वास किती होता? हाक मारणारा खरा होता, म्हणून तो उठला."

खालून कुणीतरी म्हणालं, "आता बोला, ब्रदर!"

ब्रदरनी माईक खाली ठेवला आणि ते आपल्या गाडीकडं चालू लागले.