येसू बुरुडणीची रवी

कारवीच्या रानात हिरडेवाडी आहे. पार पूर्वी, आजच्या म्हाताऱ्यांचे आजेही जन्मले नव्हते तेव्हा, तिथं येसू बुरुडीण टोपल्या विणायची. तिच्या टोपलीत पाणीसुद्धा घटकाभर टिकायचं, असं म्हणतात. घेणाऱ्यांनी थोडं वाढवून सांगितलं असेल, पण टोपली परत द्यायला कुणी आलं नाही, एवढं खरं.

तेव्हा मध काढायचा म्हणजे मशालीनं माश्या जाळायच्या आणि पोळं पिलांसकट पिळायचं. असं करता करता रानातली पोळी संपली. जुन्या हिरड्याच्या ढोलीत सातेरी जातीच्या मधमाश्यांचं एकच घर उरलं.

त्याच साली येसूच्या नातीचा, चिमीचा, पाय निखाऱ्यांवर पडला. वैद्यबुवा म्हणाले, "जखमेला मध लागेल. महिनाभर." शेजारचा रावजी लगेच मशाल घेऊन आला. "चल आजी, जाळून काढू."

पोरीचं कण्हणं ऐकून येसूचा जीव तुटत होता. तरी ती रावजीला आडवी आली. "आणि पुढल्या साली तुझं लेकरू भाजलं तर रे?"

मग तिनं फुटक्या मडक्यात गोवरी धुमसवली, वेळूच्या नळीनं ढोलीत धूर फुंकला. माश्या बाजूला सरल्या. पिलांची पोळी तिनं तशीच ठेवली, मधाची तेवढी कापली. ती कामट्यांत धरून टोपलीत उभी केली, टोपली रांजणात टांगली आणि ताकाच्या रवीसारखी दोरीनं गरगर फिरवली. थेंब पडेना.

"आजी, लोणी आलं का गं?" रावजी हसला.

येसूही हसली. मग नीट बघते तर पोळ्याच्या घराघराला मेणाचं झाकण! "अगं बाई, झाकण न काढताच वाढायला बसले की मी!" विळा कोमट करून तिनं झाकणं तासली. या वेळी दोरी रावजीनं ओढली. रांजणाच्या अंगावर मध सरीसारखा तडतडला. रिकामी, पण अख्खी पोळी तिनं पुन्हा ढोलीत बांधली. तेव्हा माश्या तिच्या मनगटांवर बांगड्यांसारख्या बसल्या आणि एकीनंही डंख मारला नाही, असं म्हणतात. रानात फूल नव्हतं, तरी दर आठ दिवसांनी ती पोळी भरत राहिली, चिमी अंगणात धावेपर्यंत. पुढल्या साली सात झाडं गुणगुणत होती.

आजही हिरडेवाडीत हंगामाचा पहिला मध कुणी चाटत नाही. तो बुरूडआळीत भाजलेल्यांसाठी ठेवतात. कुठल्याही गावचा माणूस येवो, त्याला वाटीभर मिळतो, फुकट. आणि दोरीला पहिला हात घालताना सारी वाडी ओरडते, "आजी, लोणी आलं का गं?"

दोरी धरणारी बाई येसूच्या वतीनं उत्तर देते, "आधी झाकण काढ, रावजी!"