पळवाट

एकदा एका डोंगराळ राज्यात मोठी जाळपोळ झाली आणि तिथून जीव मुठीत धरून निघालेले एक विणकर कुटुंब घाटाखालच्या गावात आश्रयाला आले. नवरा, बायको आणि दोन लहान मुली. गावातल्या वृद्ध आचार्यांनी त्यांची जबाबदारी आपला शिष्य श्रीकर याच्यावर सोपवली.

श्रीकरने मनापासून धावपळ केली. देवळामागचे रिकामे घर शाकारून घेतले, घरोघरी फिरून धान्य आणि भांडी आणली, विणकरासाठी एक जुना मागही मिळवला. तरी त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. मागावर धूळ साचत होती. मुली उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हत्या. गाठोडी दाराशी बांधलेलीच असत. एके दिवशी गावकरी ढोल वाजवत स्वागताला गेले, तर ती चौघे मागच्या अंधाऱ्या खोलीत एकमेकांना बिलगून थरथरत बसलेली दिसली.

"गुरुजी, माझे कुठे चुकते आहे? आणखी काय देऊ त्यांना?" श्रीकरने काकुळतीला येऊन विचारले.

आचार्य काठी टेकत विणकराच्या दारी गेले. "चल बाबा, तुला एक वाट दाखवतो," म्हणाले, आणि त्याला गावाबाहेर घेऊन गेले. करवंदीच्या जाळीतून गुरांची आडवाट नदीकडे उतरत होती. पाण्याला उतार कुठे आहे, पलीकडे गेल्यावर कोणत्या गावात आसरा मिळेल, सारे त्यांनी नीट समजावले.

मागे चालणारा श्रीकर चक्रावला. ज्यांना इथे रुजवायचे, त्यांनाच गुरुजी पळायची वाट दाखवत होते!

दुसऱ्या सकाळी घर उघडे होते. माणसे नव्हती, गाठोडी नव्हती. श्रीकर धापा टाकत नदीवर पोचला, तेव्हा ती चौघे पैलतीराला लागली होती. हाक ओठांशी आली. पण हाकेने ती दचकतील, म्हणून त्याने ती गिळली. पलीकडे विणकराने चहूकडे पाहिले. मुलींनी तोंडे धुतली, भाकरी खाल्ली. बराच वेळ गेला. मग सर्वांनी गाठोडी उचलली आणि ती पुन्हा पाण्यात उतरली, अलीकडे येण्यासाठी.

"वाट खरी आहे, दादा," विणकर ओशाळून म्हणाला. "मुलींनाही झेपली."

श्रीकर तडक आचार्यांकडे गेला. "आणि ती परतलीच नसती तर?"

"तर सुखरूप गेली असती," आचार्य शांतपणे म्हणाले. "अरे, ज्यांची घरे बाहेरून कड्या लावून पेटवली गेली, त्यांना तुझे घरही सापळाच वाटणार. निघता येते हे कळल्यावाचून ती राहतील कशी? त्यांनी इथेच राहावे ही तुझी इच्छा होती. त्यांना निर्भय करणे एवढेच आपले काम होते."

संध्याकाळी श्रीकर देवळामागून जात असता विणकराची बायको प्रथमच आपणहून दारात आली.

"भाऊ, इथल्या मातीत हळद होते का हो?"

श्रीकर थबकला. आता लावलेली हळद पुढच्या संक्रांतीनंतरच हाती येते, हे त्याला ठाऊक होते. तिलाही ठाऊक असणारच.

"होते, वहिनी. चांगली होते," तो म्हणाला, आणि कुदळ आणायला वळला.