मिस्त्रीच्या कमरेचा दोर

एका गावात देवळाचं शिखर बांधायचं काम चाललं होतं. बांबूंच्या उंच परांचीवर दहा-बारा गवंडी चढलेले असत. त्यांच्यात एक रीत होती. नवशिक्यानं कमरेला दोर बांधूनच वर जायचं. हात बसला की गूळ वाटून त्याचा दोर सोडायचा. त्यानंतर पुन्हा दोर बांधणं म्हणजे कमीपणा. पडून कितीकांची हाडं मोडली, रीत तेवढी शाबूत राहिली.

कामावरच्या मिस्त्रीला ज्या म्हाताऱ्या गवंड्यानं हाताला धरून शिकवलं, तोही अजून वर चढत असे. एके दिवशी मिस्त्रीनं पाहिलं, म्हाताऱ्याचे गुडघे लटपटत होते.

"काका, दोर बांधता का?" त्यानं हळूच विचारलं.

"चाळीस वर्षं झाली माझा दोर सुटून. आता पोरांनी हसावं म्हणतोस?" म्हातारा तोंड फिरवून कामाला लागला.

मिस्त्रीला दिवसभर तोच घोर लागला. हुकूम सोडला, तर म्हातारा मानी, घरी निघून जाईल आणि झुरत बसेल. नाही सोडला, तर काय होईल याचा विचारच त्याला करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांदेखत तो दोर घेऊन म्हाताऱ्यापुढे उभा राहिला. "काका, उंचावर मला गरगरायला लागलंय. माझा दोर तुम्हीच सोडला होता, आज तुम्हीच बांधा."

एक-दोघे हसले. मिस्त्रीचे कान लाल झाले, पण तो हलला नाही. म्हाताऱ्यानं गाठ मारली. खुद्द मिस्त्रीनं दोर बांधला म्हटल्यावर बाकीच्यांनीही निमूट बांधले. शेवटी म्हाताऱ्यानंही एक दोर उचलून कमरेला बांधला. "बघू तरी," तो पुटपुटला.

चौथ्या दिवशी चुना सांडलेल्या फळीवरून म्हाताऱ्याचा पाय सटकला. दोराला हिसका बसला आणि तो अधांतरी लोंबकळू लागला. सगळ्यांनी मिळून त्याला वर ओढलं. मिस्त्रीनं त्याला लहान मुलासारखं पोटाशी धरलं.

धाप ओसरल्यावर म्हातारा म्हणाला, "तुला गरगरत नव्हतंच ना रे?"

"नाही, काका. तुमचे गुडघे दिसले होते."

म्हाताऱ्याला रडू आवरेना. देवळावर कळस चढला, तेव्हा सगळेच्या सगळे गवंडी धडधाकट उभे राहून वर बघत होते आणि म्हातारा सगळ्यांत पुढे होता.

तात्पर्य: जिवाला जपण्यात कमीपणा नाही; पण हे नुसतं सांगून पटत नाही, म्होरक्यानं आधी स्वतः करून दाखवावं लागतं.