करवंदीचे काटे

झाडं एकमेकांची उणीदुणी तोंडावर काढत, त्या काळची ही गोष्ट. गणोजी माळ्याच्या बागेत कुंपणाला करवंदीची एक जाळी होती. गुलाब रोज कुरकुरायचा, "गणोजीदादा, या काटेरी बयेला तोडा एकदाची. बागेची शोभा घालवली हिनं!"

शेवटी गणोजी कोयता घेऊन आला. करवंदी घाबरली, कारण तिच्या जाळीतल्या घरट्यात बुलबुलीची तीन पिल्लं होती. एवढ्यात टपून बसलेल्या बोक्याने घरट्यावर झेप घेतली.

भीती विसरून करवंदीने सगळे काटे ताठ केले. बोक्याचं नाक असं सोलून निघालं की तो बोंबलत कुंपणापार झाला! तेवढ्यात बुलबुल आली. तिच्या चोचीत गुलाबावरची जाडजूड अळी होती.

गणोजीने कोयता कमरेला खोवला. "आता चारी बाजूंनी हीच लावतो," तो म्हणाला.

गुलाब हिरमुसला. "काटे तर मलाही आहेत!"

"आहेत की रे," काळंभोर करवंद पिल्लांपुढे झुकवत करवंदी म्हणाली, "पण त्यांच्या आड तू एकटाच बसतोस."