आपल्या वासाचे आप्पा

बोरीखाली मुंग्यांचं एक वारूळ होतं. त्याला राणी होती, पण ती सदा अंडी घालण्यात गुंतलेली, म्हणून राज्यात लोकशाही होती. कायदा एकच: ज्याला आपला वास, तो आपला. आत काळोख असल्यामुळे तोंड बघून माणूस ओळखायची तिथे पद्धतच नव्हती.

एके दिवशी दारात एक हिरवी अळी आली. मुंगीच्या वीसपट मोठी. पहारेकरीण चंपीने मिशा लावून हुंगलं. वास जवळजवळ घरचाच, किंचित गोडसर.

"आपलेच आहेत, सोडा आत," चंपी म्हणाली.

अळीने पाठीतून गोड थेंब काढला आणि सगळ्यांना चाटवला. "भगिनींनो, मी तुमच्यातलाच. फक्त जरा जास्त वाढलो." टाळ्या पडल्या. मग निवडणूक झाली आणि अळीचे आप्पासाहेब झाले. भावी पिढीची फार काळजी, म्हणून त्यांनी कचेरी थाटली ती थेट पाळणाघरात.

तिथली दाई ठकूबाई. तिची लेकरं रोज कमी व्हायला लागली.

"आप्पा, काल इथं माझी बाळं होती हो."

"ठकूमावशी, तुमचं दुःख ते माझं दुःख," आप्पा तोंड पुसत म्हणाले. "चौकशी समिती नेमतो. अध्यक्ष मी स्वतः."

समिती पाळणाघरातच बसली. अहवाल आला की पाळणाघरातल्या गर्दीचा प्रश्न समाधानकारकरीत्या सुटलेला आहे. समिती बसली होती ती पाळण्यांची ओळ रिकामी होती.

ठकूबाईच्या घशाखाली गोड थेंब उतरेना. तिने चाटणं सोडलं. एकच लेकरू उरलं तेव्हा ती भर सभेत उभी राहिली. "अगं बायांनो, हा मुंगी नाही. जरा चाचपून तरी बघा. हा आपली पोरं खातोय."

सगळ्या जवळ आल्या आणि त्यांनी ठकूबाईलाच हुंगलं. एव्हाना थेंब चाटून चाटून अख्ख्या वारुळाला आप्पांचा गोडसर वास लागला होता. जुना वास तिच्या एकटीच्या अंगाला उरला होता.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका," चंपी म्हणाली. तिला लहानपणी ठकूबाईनेच भरवलं होतं. "पण तुम्ही परक्या आहात."

"जाते. माझं लेकरू तेवढं द्या."

"लेकरू राज्याचं आहे," आप्पा म्हणाले. "ते आमच्यापाशी राहील."

पुढे आप्पांनी स्वतःभोवती कोष केला. मुंग्या त्याला मौनव्रत म्हणाल्या. एका सकाळी ते निळे पंख घेऊन बाहेर आले आणि बोरीवरून उडून गेले. पाळणाघरात एकही बाळ उरलं नव्हतं. मुंग्यांचा ऊर भरून आला. आपल्यातला एक केवढा उंच गेला!

खुर्ची रिकामी राहू नये म्हणून चंपी झाडाखालून दुसरी हिरवी अळी घेऊन आली. दाराबाहेर ठकूबाई अजून बसलेलीच होती.

"चंपे, अगं तिचे पाय तरी मोज."

"बाहेरच्यांनी आमच्या राज्यात लुडबुड करू नये," चंपी म्हणाली आणि अळीला आत घेतलं.

नव्या आप्पांनी सगळ्यात आधी पाळणाघराची पाहणी केली. एकेक रिकामी ओळ बघून त्यांचे डोळे भरून आले. "आधीच्यांनी काहीसुद्धा शिल्लक ठेवलं नाही," ते म्हणाले. टाळ्या पडल्या, आणि त्याच दिवशी राणीला जास्त अंडी घालायचा हुकूम गेला.