गुळाच्या शेठजींचं गुपित

श्रीमंतांचा पैसा सांभाळणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत मिरीकर साहेब मुलाखती घेत. समोरच्याला घाम फोडण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा त्यांचा ठाम समज होता.

एके दिवशी कोल्हापूरची शलाका बुधले मुलाखतीला आली. दोन वर्षं तिने एका करसल्लागाराच्या हाताखाली काढली होती. गुळाच्या एका बड्या व्यापाऱ्याचे सगळे कागद तीच बघायची.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "अर्जात काय, कुणीही काहीही लिहितं! खरंच त्यांचं काम पाहिलंत ना? मग सांगा, शेठजींच्या जमिनी किती, सोनं किती? आधीच्या तिघांनी आपापल्या शेठजींची कुंडलीच मांडली. तुम्ही गप्प बसलात, तर अनुभव खोटा धरीन."

शलाका शांतपणे म्हणाली, "सर, आधी एक विचारू? मी इथे लागले आणि पुढे दुसरीकडे मुलाखतीला गेले. तिथल्या साहेबांनी तुमच्या गिऱ्हाइकांबद्दल हेच विचारलं, तर किती सांगू?"

"एक अक्षर नाही!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "तोंड उघडलंत तर कोर्टात खेचीन!"

"मग शेठजींबद्दलही तेवढंच सांगते."

साहेबांनी टेबलावरचा हात मागे घेतला. मग त्यांनी आधीच्या तिघांचे अर्ज कचऱ्याच्या टोपलीत टाकले, दोन चहा मागवले आणि हळूच विचारलं, "बरं, शेठजी चहात गूळ घालतात की साखर, एवढं तरी सांगाल?"

शलाकाने कप उचलला. "सर, मी रुजू कधी व्हायचं, तेवढं बोलू या."