बुवांनी मागितलेली किल्ली

“या शहरातलं एकूण एक दार मी ओळखतो,” चिमणगीर बुवा म्हणाले. मग दाढीत अडकलेलं शेंगदाण्याचं फोलपट काढत पुढे म्हणाले, “बाहेरून.”

सुहास घोलप हसला नाही. तो सल्ला घ्यायला आला होता आणि सल्ला घेताना हसू नये, असं त्याला बँकेतल्या नोकरीनं शिकवलं होतं.

“म्हणूनच तुम्हाला विचारतो, बुवा. उद्या संक्रांत. पोरांना तिळगुळाला कुठल्या वस्तीत नेऊ?”

बुवा नदीकाठच्या मठीत राहायचे. जन्मभर झोळी घेऊन दारोदार हिंडलेला गोसावी. त्यांनी ज्याची थट्टा केली नाही असा माणूस शहरात उरला नव्हता; मठीतल्या मारुतीलाही ते अधूनमधून चिमटे काढत.

“तुझ्या वस्तीला काय धाड भरली?”

“गेल्या वर्षी पोरं नवे कपडे घालून, डबे घेऊन आमच्या इमारतीचे जिने चढली. जावं तिथं कुलूप. मैथिली रडत म्हणाली, बाबा, आपण परत गावी जाऊ. इथं कुणीच गोड बोलत नाही.”

बदली काही सुहासच्या हातात नव्हती. पण पोरांना हे शहर आपलं वाटावं, एवढं तरी बापाच्या हातात असावं की नको?

“आणि तुझं दार?”

“आम्ही सगळे पोरांबरोबर होतो. कुलूप लावलं होतं. चोऱ्या होतात ना.”

“हं.”

“यंदा मी नीट चौकशी केलीय. टॉवरमध्ये लिफ्ट आहे, पण वॉचमन आत सोडत नाही. जुन्या पेठेत माणसं चांगली, पण गाड्या फार. बंगल्यांच्या कॉलनीत लाडू मोठे, पण कुत्रीही मोठी...”

“तिळगूळ मागायला निघालायस की स्थळं बघायला?”

बुवांनी डोळे मिटले. समाधी लागली असं वाटून सुहासनं हात जोडले.

बुवा घोरले.

मग एक डोळा उघडून त्यांनी तळहात पुढे केला.

“किल्ली.”

“कसली?”

“घराची. तू जा बंगल्यांच्या कॉलनीत. मी तुझ्या घरी बसतो.”

“बसून काय करणार?”

“टीव्ही बघीन.”

“अहो, गोसाव्याला कुणी घराची किल्ली देतं का!” वृंदा, सुहासची बायको, रात्रभर धुसफुसत होती. तरी निघताना तिनं ओट्यावर लाडवांचा डबा काढून ठेवला आणि आपल्याजवळच्या किल्लीनं कुलूप लावलं.

कॉलनीत पहिल्या बंगल्यात कुत्रं होतं. दुसऱ्यात कुत्रंही नव्हतं. तिसऱ्या फाटकाशी एक माळी भेटला.

“साहेब बाहेर गेलेत. पोरांना घेऊन.”

“कुठं?”

“तिळगुळाला. कुठंतरी चांगली वस्ती आहे म्हणे...”

दिवेलागणीला चौघं परतली. मैथिलीच्या डब्यात घरून नेलेलेच लाडू होते. तिचा धाकटा भाऊ बापाच्या खांद्यावर झोपला होता. कुणी काही बोललं नाही.

जिना मात्र बोलत होता.

पायऱ्यापायऱ्यांवर चपला. वर पोरांचा कालवा. सुहासचं दार सताड उघडं आणि उंबऱ्यावर, त्याचीच मफलर गुंडाळून, बुवा! समोरच्या फ्लॅटातले लोखंडे, ज्यांनी आजवर मान हलवण्यापलीकडे ओळख दाखवली नव्हती, ते पोरांच्या गराड्यात ताट घेऊन उभे. त्यांच्या एका पायात बूट होता.

“या, या घोलप! अहो, आम्ही कुलूप लावून निघालो होतो. हे महाराज म्हणाले, तिळगूळ घ्या. घेतला. मग म्हणाले, आता तुमचा द्या. नुसता घेऊन जाणार होय? मग काय, द्यायला घर उघडावं लागलं!”

“आम्हालाही तसंच धरलं,” वरच्या मजल्यावरून तांबोळी काकू खाली वाकून ओरडल्या. “ए पोरी, डबा घेऊन वर ये!”

मैथिली धावली. मागोमाग धाकटा, झोप टाकून. वरखाली दारं वाजत राहिली, ‘गोड बोला, गोड बोला’ जिनाभर घुमत राहिलं. ती परतली तेव्हा डब्याचं झाकण लागत नव्हतं, आणि ते लावायचं तिच्या मनातही नव्हतं.

“बाबा, पुढच्या वर्षी कुठ्ठं जायचं नाही! इथंच!”

सुहासला राहवेना. भर जिन्यात त्यानं बुवांना मिठीच मारली.

“बुवा, अख्खं शहर पालथं घातलं आणि चांगली वस्ती माझ्याच जिन्यात होती!”

बुवांनी त्याच्या तळहातावर किल्ली ठेवली.

“होती कुठं?” ते म्हणाले. “मी आलो तेव्हा कुलपंच होती... पहिलं तुझं होतं.”